आहे तिथंच धर

२ मार्च, सोमवार

आहारवाल्या बाईंनी ही वही दिली. ऑपरेशननंतर रोज काय खाल्लं, किती प्यायलो, ते हिच्यात लिहायचं. पहिली पानं मी स्वतःसाठी घेतो. पुढच्या सोमवारी माझं पोट कापणार आहेत आणि त्याआधी कुणापुढे तरी मन मोकळं करायला हवं. बायकोपुढे केलं तर ती रडेल. काडीपुढे केलं तर तो भांडेल.

मी क्रेन चालवतो. आमच्या कारखान्यात मोठाल्या लोखंडी टाक्या बनतात. शेडच्या छताखाली, जमिनीपासून साठ फुटांवर माझी काचेची केबिन आहे. तिथं चौदा वर्षं बसतो आहे. खाली काडी उभा असतो. तो हातांनी खुणा करतो आणि मी टाक्या उचलतो. त्या गोंगाटात शब्द ऐकूच येत नाही, त्यामुळे दिवसभराचं आमचं बोलणं हातांनीच. तो अंगाने असा की उभा राहिला तर सावली पडत नाही, म्हणून काडी. माझं वजन एकशे एकोणचाळीस, म्हणून मी गोणी.

जानेवारीत नोटीस लागली. शिडीवर चढताना जो सुरक्षा पट्टा बांधतात तो एकशेवीस किलोपर्यंतचाच आहे. एक जूनपासून त्याहून जड माणसाला वर चढता येणार नाही. साहेब म्हणाले, "स्टोअरमध्ये बसा ना आरामात. पगारात फरक नाही." आरामात बसून नट मोजायचे. खाली मी कोण आहे? बसमध्ये दोन सीट अडवणारा जाड्या. वर बसलो की वीस टनांची टाकी मी अंडं ठेवावं तशी ठेवतो, आणि सगळी शेड मान वर करून बघते. ती खुर्ची गेली तर माझ्याजवळ फक्त वजन उरेल.

उपाशी राहून पाहिलं, चालून पाहिलं, दोन वेळा वीस-वीस किलो उतरवले आणि व्याजासकट परत आणले. म्हणून हे ऑपरेशन: पोट कापून लहान करायचं आणि आतड्याला नव्याने जोडायचं. सर्जनने धोक्यांचा कागद वाचून दाखवला. जोड गळू शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते, जोडाचं तोंड आवळलं जाऊ शकतं, गोळ्या जन्मभर. तेरा मुद्दे होते. तिसऱ्यालाच मी विचारलं, "सही कुठे करू?"

७ मार्च, शनिवार

काडीला सांगितलंच शेवटी. कारखान्यात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली आहे. खरं फक्त त्याला आणि बायकोला ठाऊक.

"अरे, धडधाकट पोट कापून घेतोस? स्टोअरमध्ये बसलास तर काय अंगाला भोकं पडतील?"

"तुला काय कळणार. तू खालचा माणूस."

"मी खाली आहे म्हणून तू वर आहेस, गोण्या."

खरं तर हा स्टुलावर चढला तरी भिंत धरतो. चौदा वर्षांत एकदाही केबिनमध्ये आलेला नाही. शिडीच्या चव्वेचाळीस पायऱ्या नुसत्या बघूनच त्याला घाम फुटतो.

तणतणत गेला. शेडच्या दारात मात्र वळला आणि दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत अडकवून उभा राहिला. आमच्या खुणांत याचा अर्थ, सगळं आहे तिथंच धर, काही हलवू नकोस. लोड हुकावर लटकत असताना खाली काही घोळ झाला की तो ही खूण देतो. मी हात झटकला आणि निघून आलो.

१६ मार्च, सोमवार

घरी आलो. पोटावर पाच भोकं, प्रत्येकावर पट्टी. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणाएवढं पाणी. कालवणाच्या पातेल्यावर हात मारणारा मी, आता टोपण पुढे धरून घड्याळाकडे बघतो. बायको टपाल कचेरीत काउंटरवर बसते. तिला तारीख-वेळेची शिस्त. तिने टोपणांचा तक्ता करून फ्रिजवर लावला आहे.

गोळ्या सहा प्रकारच्या. आहारवाल्या बाई बजावून म्हणाल्या, "एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, या चुकवायच्या नाहीत."

८ एप्रिल, बुधवार

आज कामावर! वजन एकशे एकोणीस. पट्टा खटकन लागला. चव्वेचाळीस पायऱ्या एका दमात चढलो आणि वर जाऊन चक्क रडलो. खाली काडी बोट वर करून गोल फिरवत होता. उचल, उचल. तो टाकीबद्दलच सांगत होता, पण मला वाटलं मलाच म्हणतोय.

दुपारी सूप घेतलं ते उलटून पडलं. घाई केली असेल.

१४ एप्रिल, मंगळवार

एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळत होती, आज निकाल लावला. मी लहानपणी मरतुकडा होतो. आईने ताकदीचं टॉनिक सुरू केलं आणि सहा महिन्यांत मी फुगलो तो फुगलोच. आता या गोळ्या काय आहेत? डबीवर स्वच्छ लिहिलंय, जीवनसत्त्वं. म्हणजे टॉनिकच की. एका हाताने उतरवायचं आणि दुसऱ्या हाताने चढवायचं, याला काय अर्थ आहे? शिवाय गोळी गिळली की ती तासभर छातीत अडकते आणि मग ओकारी.

बायको रोज सकाळी सहा गोळ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत हलत नाही. मी त्या गालात धरतो. केबिनमध्ये ग्रीसचा एक रिकामा डबा आहे, त्यात टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२२ एप्रिल, बुधवार

आज तीनदा. काल चारदा. आता सूपही राहत नाही, फक्त पाणी, तेही कधी कधी. घशाखाली कुठेतरी बूच बसल्यासारखं वाटतं.

आहारवाल्या बाईंचा फोन आला. "उलट्या होतात का?" मी म्हटलं, "छे हो, एकदम मस्त." सांगितलं असतं तर त्यांनी बोलावलं असतं, नळी घालून पाहिलं असतं, पुन्हा रजा, पुन्हा प्रश्न. साहेबांना हर्नियाची दुसरी गोष्ट कुठून सांगू? एक जून होऊन जाऊ दे, मग बघू. आणि खरं सांगायचं तर ओकलेलं अंगी लागत नाही, हा हिशेब मनात होताच. लाज वाटते, पण होता.

३ मे, रविवार

एकशे सात. काल वेल्डरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही तर हिरो झालात." बायकोने पँट तिसऱ्यांदा आत घेतली. टाचण्या लावताना म्हणाली, "अहो, पाय इतके गार का तुमचे?" पाय गार नाहीत, ते माझे वाटतच नाहीत. मुंग्या येतात आणि पाऊल कुठे पडलं ते बघितल्याशिवाय कळत नाही. वजन कमी झालं की चालण्याचा तोल बदलत असणार. बत्तीस किलो उतरवल्यावर शरीराला नवी सवय लागायला वेळ हवाच.

९ मे, शनिवार

आज दोन काड्या दिसल्या.

सकाळी वरून पाहिलं तर दोन माणसं शेजारी उभी, दोघांचे हात एकदम हलताहेत. आधी हसूच आलं, एक काडी पुरेशी नाही म्हणून दुसरी मागवली की काय. मग हुकही दोन दिसले. डोळे चोळले, तोंड धुतलं, तरी तेच.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. एक डोळा मिटला की एकच दिसतं. रुमाल तिरका बांधला आणि वर टोपी घातली. संध्याकाळपर्यंत सात टाक्या उचलल्या. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, त्यामुळे दोन टाक्या जरा आदळल्या. काडीने खालून हात पसरून विचारलं, काय रे? मी अंगठा दाखवला.

१३ मे, बुधवार

शिडीवर पाय घसरला. पट्ट्याने तारलं. घरी येताना कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. अशक्तपणा आहे म्हटलं. पोटाच्या ऑपरेशनचं बोललो नाही, इथं कुणाच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या. म्हणाले, "बघा, उद्या पळायला लागाल."

१४ मे, गुरुवार

पळायचं सोडा. सकाळी न्हाणीघराचं दार सापडेना. भिंत चाचपत उभा होतो. बायकोने हात धरून नेलं. तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, आज जाऊ नका. मी तिच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांत असा कधी ओरडलो नव्हतो. अठराच दिवस उरलेत, तेवढे काढू दे ना मला.

१४ मे

आज बायकोवर ओरडलो. तिने कामावर जाऊ नका म्हटलं. न्हाणीघराचं दार कुणीतरी बदललंय.

१८ मे, सोमवार

काडीने माझा घात केला. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको.

टाकी हुकावर होती. काडी खाली कर, खाली कर म्हणत होता. मी करत होतो. मग त्याने दोन्ही हात आडवे पसरून जोरजोरात हलवले. ही खूण मला येते. चौदा वर्षं येते. पण त्या क्षणी हात नुसते हलताना दिसले आणि अर्थ येईना. दोन लिव्हर होते, की चार? मी एक ओढला. खाली माणसं पळाली. टाकी भिंतीला लागून थांबली आणि झुलत राहिली.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. खाली बघितलं तर काडी जागेवर नव्हता. बऱ्याच वेळाने केबिनचं दार उघडलं. काडी! शिडी चढून आला होता. पांढराफटक, घामाने निथळलेला, दोन्ही हातांनी चौकट धरून उभा. मी म्हटलं, "तू कसा काय आलास? तुझं स्टूल कुठाय?" तो हसला नाही. लाल बटण दाबून त्याने क्रेन बंद केली. मग माझा रुमाल सोडला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "गोण्या, आज तारीख काय?" मी सांगितली. त्याचा चेहरा पडला. म्हणजे चुकली असणार.

पट्टा बांधून त्याने मला खाली आणलं. तो माझ्या खालच्या पायरीवर, डोळे घट्ट मिटलेले, आणि माझं एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर ठेवत होता. "हं, आता डावा. आता उजवा." पूर्ण चव्वेचाळीस. सगळी शेड बघत होती. माझी अब्रू अशी पायरीपायरीने खाली आली.

आणि जाताना माझा ग्रीसचा डबाही बगलेत मारून घेऊन गेला, चोर.

अक्षर वाकडं येतंय. दवाखान्यातल्या कॉटचं टेबल हलतं.

मे

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काडीने आणलेला ग्रीसचा डबा उपडा करून गोळ्या मोजत होत्या. बायको भिंतीला टेकून उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांचंच नाही. जोडाचं तोंड आवळलंय, म्हणून काही खाली उतरतच नव्हतं. महिनाभर उलट्या, जीवनसत्त्व बी-एक संपलं, आणि त्यावर कुणीतरी नुसतं ग्लुकोज चढवलं. ते पचवण्यात उरलंसुरलं बी-एकही जळून गेलं. त्याच्याशिवाय मेंदू उपाशी मरतो."

बायको म्हणाली, "मी रोज माझ्या हाताने देत होते हो." आणि खालीच बसली.

मला तिला सांगायचं होतं की तुझी काही चूक नाही. पण काय सांगायचं ते तोंडापर्यंत येईस्तोवर ती कशाबद्दल रडते आहे तेच निसटलं.

मे

जोड नळीने रुंद केला म्हणतात. सुया चालू आहेत. आता काडी एकच दिसेल, पण तो येतच नाही. साधी विचारपूस नाही.

*आज आलो होतो. तू जागा होतास. दीड तास बसलो. काडी.*

जून

खुर्ची, नदी, किल्ली. खुर्ची, नदी, किल्ली.

हे कुणी लिहिलंय? अक्षर माझंच आहे. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, मघाशी तीन शब्द दिले होते, ते सांगा. मी म्हटलं, कसले शब्द?

जून

आज सकाळची शिफ्ट केली. अकरा टाक्या. काडी फॉर्मात होता, एकाही खुणेला दुसऱ्यांदा हात हलवावा लागला नाही. वजन अठ्ठ्याण्णव, पट्टा सैल करून घ्यावा लागला. एक जूनची नोटीस आता माझं काय वाकडं करणार! संध्याकाळी इथं जरा आराम करायला आलो आहे. बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "हो का? छान." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

*आज आलो होतो. क्रेन बंद आहे रे, तुझ्या जागी अजून कुणी नाही. काडी.*

२४ जून, बुधवार

तारीख बायकोने घालून दिली. आज डोकं स्वच्छ आहे, म्हणून घाईने लिहितो.

मागची पानं वाचली. सगळी. अकरा ठिकाणी, कुठे समासात तर कुठे पानाच्या पाठीला, काडीचं अक्षर आहे. अकरा वेळा तो आला, बसला, बोलला. मला त्यातलं एकही येणं आठवत नाही. शिडीवरचं आठवत नाही. बायकोवर ओरडल्याचं आठवत नाही, ते वाचून कळलं. काडीला मी चोर म्हटलंय. ज्याला स्टुलावर चढवत नाही तो माझ्यासाठी साठ फूट चढला, आणि मी त्याला चोर म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. खरं सांगा म्हटलं. त्या कॉटवर बसल्या. म्हणाल्या, "डोळे सुधारले. चालणं हळूहळू सुधारेल. जुनं बरंचसं राहील. नवं मात्र आत टिकेल असं वाटत नाही." मी विचारलं, "आणि क्रेन?" त्यांनी माझा हात हातात घेतला. मी ओक्साबोक्शी रडलो. चौदा वर्षांची खुर्ची वाचवायला गेलो आणि ज्या डोक्याने ती चालवायची तेच गमावून बसलो.

आणि हे मला पहिल्यांदा कळतंय असं नाही. बायको म्हणाली, गेल्या आठवड्यातही मी वही वाचली होती आणि असाच रडलो होतो. त्याच्या आधीही. दर वेळी नव्याने. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला दर वेळी पहिल्यांदाच कळतं, आणि मला दर वेळी तुमच्याकडे बघावं लागतं. माझ्याने होत नाही आता."

मग मी तिला म्हटलं, "अगं, ही पानं बंद करून टाक. माझी पँट आत घ्यायच्या टाचण्या आहेत ना, त्या लाव. मी विचारलं तरी काढू नकोस." ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तोवर सांगतो आहे, ऐक. काडीलाही सांग. त्याला म्हणावं, मी काहीही बोललो तरी मनावर घेऊ नकोस.

हे पान शेवटचं टाचायचं.

२७ जून, शनिवार

तारीख बायकोने घातली. ही वही कोरी आहे म्हणावं तर मागची पानं जाड लागतात, आणि कडेला चार टाचण्या टोचलेल्या आहेत. बायको म्हणाली, राहू द्या, कामाची नाहीत. राहू दे.

मी दवाखान्यात आहे. अशक्तपणा आहे म्हणतात. वजन पंच्याण्णव झालंय, म्हणजे एक जूनच्या आत पट्ट्यात बसेन. सोमवारी साहेबांना निरोप पाठवायला हवा. एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. चौदा वर्षांची दोस्ती, आणि काडी एकदाही बघायला आला नाही. दवाखान्याचा जिना चढायलाही घाबरत असेल लेकाचा.

थांबा. दार वाजलं. काडीच आला! आणखी वाळलाय. मी म्हटलं, "ये रे बाबा. सापडला का रस्ता? आज पहिल्यांदा आलास."

बायको उठून बाहेर गेली. काडी दारातच थांबला होता. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"हो रे," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच."

"मग बस ना. बोल काहीतरी."

तो बसला. मग त्याने हात वर घेतले आणि पोटासमोर एकमेकांत अडकवले. सगळं आहे तिथंच धर, काही हलवू नकोस. ही खूण मी झोपेतही ओळखेन. मी पेन खाली ठेवून त्याला तीच खूण परत दाखवली, आणि आता पुन्हा पेन घेतलं आहे. तो अजून समोर बसला आहे. त्याने हात सोडलेले नाहीत, म्हणून मीही लिहायचं थांबवत नाही.